पुढची काच तडकली? क्लेम टाकण्याआधी हे वाचा
(स्पोर्ट्स कारच्या मालकांसाठी आमच्या कार्यशाळेचं माहितीपत्रक)

नमस्कार.

तडकलेली काच घेऊन आलेला ग्राहक दारातूनच विचारतो, "इन्शुरन्समध्ये बसेल ना?" तुमची पॉलिसी कॉम्प्रिहेन्सिव्ह, म्हणजे स्वतःच्या गाडीचं नुकसानही भरून देणारी, असेल तर बसेल. नुसती थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याचं नुकसान भरून देणारी, असेल तर नाही. पण त्याआधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: क्लेम करणं तुम्हाला परवडणार आहे का? आमचं काम काच बसवण्याचं, आणि क्लेम झाला तरी न झाला तरी आमची मजुरी तेवढीच. म्हणून हा हिशेब मोकळेपणाने मांडतो.

खडी लागल्यावर लगेच

गेल्या पावसाळ्यानंतर एक मस्टँग आमच्याकडे आली. बोरघाटात डंपरच्या चाकाखालून खडी उडाली होती आणि काचेवर मसुराच्या दाण्याएवढा टवका उडाला होता. मालकांनी फोटो पाठवला, आम्ही म्हटलं उद्या सकाळी घेऊन या. घरी पोचल्यावर त्यांनी उन्हाने तापलेल्या चिखलाच्या गाडीवर पाइपाने गार पाणी मारलं. सकाळी गाडी दारात आली तेव्हा टवक्यापासून निघालेला तडा डावीकडच्या खांबापर्यंत पोचला होता. जे काम काही हजारांत आणि तासाभरात झालं असतं, त्यासाठी परदेशातून काच मागवावी लागली.

तेव्हा टवका दिसला की त्यावर साधी पारदर्शक चिकटपट्टी लावा, म्हणजे आत धूळ-पाणी जाणार नाही. गाडी धुऊ नका. मे महिन्यात उन्हात तापलेल्या काचेवर एसीचा गार झोत सोडू नका. दार जोरात आपटू नका. आणि फोटो काढा: एक जवळून, एक नंबरप्लेटसकट पूर्ण गाडीचा. हे फोटो पुढे क्लेमला लागतात.

भरता येईल की बदलावीच लागेल

पुढची काच एकसंध नसते. दोन काचांच्या मध्ये पीव्हीबी नावाच्या प्लास्टिकचा पातळ पडदा दाबून बसवलेला असतो, म्हणूनच फुटली तरी ती अंगावर कोसळत नाही. खडीचा मार सहसा फक्त बाहेरच्या थराला लागतो. टवका नाण्यापेक्षा लहान असेल, कडेपासून लांब असेल आणि ड्रायव्हरच्या नजरेसमोर नसेल, तर त्यात रेझिन भरून, अतिनील दिव्याखाली घट्ट करून काच वाचवता येते. खूण पुसट राहते, पण तडा पुढे सरकत नाही. नजरेसमोरचा टवका आम्ही भरत नाही. रात्री समोरच्या गाडीचा प्रकाश त्यावर पडला की डोळ्यापुढे ठिणगी उठते. कडेपर्यंत गेलेला तडाही भरत नाही, कारण काचेवरचा सगळा ताण कडेलाच असतो.

हिशेब: क्लेम करायचा की खिशातून द्यायचे

सगळा खेळ नो क्लेम बोनसचा, म्हणजे एनसीबीचा आहे. क्लेम न करता वर्षं गेली की ओन डॅमेज प्रीमियमवर, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठी भरायच्या हप्त्यावर, दरवर्षी चढत्या क्रमाने २०, २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के सूट मिळते. काचेचा एक क्लेम केला की पुढच्या नूतनीकरणाला ही सूट शून्यावर येते आणि पायरी पायरीने परत चढावी लागते.

समजा तुमचा ओन डॅमेज प्रीमियम सूट धरण्याआधी ६०,००० रुपये आहे आणि तुम्ही ५० टक्क्यांवर आहात. क्लेम केल्यावर पहिल्या वर्षी ३०,००० जास्त भराल, दुसऱ्या वर्षी १८,०००, मग १५,०००, ९,००० आणि ३,०००. एकूण ७५,०००, वर जीएसटी. गाडीची आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली किंमत, दरवर्षी उतरते त्यामुळे प्रत्यक्ष आकडा थोडा कमी येईल, पण अंदाज हाच. काच बसवून ५५,००० होत असतील तर क्लेम करून तुम्ही स्वतःचंच नुकसान करून घेता. काच अडीच लाखांची असेल तर बिनधास्त क्लेम करा.

पॉलिसीत 'एनसीबी प्रोटेक्ट' (क्लेम केला तरी बोनस टिकवणारं जादा कव्हर) घेतलं असेल तर गणित बदलतं, मात्र वर्षात किती क्लेमपर्यंत ते चालतं ते वाचून घ्या. त्याच पॉलिसी वर्षात आधीच बंपरचा वगैरे क्लेम झाला असेल, तर बोनस गेलेलाच आहे. मग काचेचा क्लेम न करण्यात काहीच फायदा नाही. ही बेरीज आमच्या टेबलावर बसून, तुमची पॉलिसी समोर ठेवून करून देतो. त्याचे पैसे घेत नाही.

कंपनी काय देते, काय कापते

काचेवर घसारा, म्हणजे जुनेपणाची कपात, लागत नाही, गाडी कितीही जुनी असो. ग्राहकांना हे ठाऊक नसतं आणि ते उगीच घाबरतात. पण काचेभोवतीचं रबर आणि प्लास्टिकची पट्टी यांवर ५० टक्के घसारा कापतात. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं जादा कव्हर, असेल तर तोही वाचतो. सिलंट (काच चिकटवायचा लगदा), प्रायमर, क्लिपा या वस्तू 'कन्झ्युमेबल्स', म्हणजे कामात वापरून संपणाऱ्या, धरल्या जातात. ते कव्हर नसेल तर त्यांचं बिल तुमच्यावर येऊ शकतं.

सक्तीची वजावट, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये तुम्ही भरायचीच ती रक्कम, १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० आणि त्यावरच्या गाडीला २,००० रुपये. पण थांबा, 'व्हॉलंटरी डिडक्टिबल' (आपणहून मान्य केलेली जादा वजावट) हा रकाना बघा. प्रीमियम कमी व्हावा म्हणून एजंटने तिथे १५,००० लिहून ठेवलेले आम्ही पुष्कळदा पाहतो. मालकांना त्याचा पत्ताही नसतो. ती रक्कम प्रत्येक क्लेममधून वजा होते.

क्लेमचा क्रम

आधी कंपनीला कळवा आणि क्लेम नंबर घ्या, मगच काचेला हात लावायचा. सर्व्हेअरने, म्हणजे नुकसान तपासणाऱ्याने, पाहण्याआधी जुनी काच काढली तर वाद तिथेच सुरू होतो. ५०,००० च्या वरच्या मोटार क्लेमला परवानाधारक सर्व्हेअर लागतो, आणि स्पोर्ट्स कारची काच त्या आकड्याच्या वर सहज जाते. पॉलिसी, आरसी आणि अपघाताच्या वेळी जो चालवत होता त्याचं लायसन्स तयार ठेवा. खडी लागून तडकली असेल तर सहसा पोलिसांची गरज पडत नाही, पण कुणी मुद्दाम फोडली असेल तर आधी पोलिसांत नोंद करा.

घडलं तसंच सांगा. "उभ्या गाडीवर दगड पडला म्हणून लिहू का?" असं काही जण विचारतात. नका लिहू. टवक्याच्या आकारावरून सर्व्हेअरला वेगाने आलेली खडी ओळखू येते. खोट्या कारणापायी खरा क्लेम नाकारला जातो.

काही कंपन्यांचं आमच्याकडे कॅशलेस होतं, म्हणजे बिल कंपनी थेट आम्हाला देते. ज्यांचं होत नाही त्यांचं बिल तुम्ही भरायचं आणि नंतर परतावा घ्यायचा. कंपनीच्या यादीतल्याच गॅरेजात गेलं पाहिजे अशी सक्ती नाही.

मंजुरी अडली किंवा रक्कम अवाजवी कापली, तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी कळवा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं. पुण्यात त्यांचं कार्यालय आहे, तक्रारीला फी नाही आणि वकीलही लागत नाही. मात्र कंपनीने नकार दिल्यापासून वर्षाच्या आत जायला हवं.

कुठली काच, हे ठरवताना

इथे आम्ही हट्टी आहोत, आणि त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी हेड-अप डिस्प्ले (वेग वगैरे समोरच्या काचेवरच दाखवणारी सोय) असलेल्या एका गाडीला आम्ही दिसायला तंतोतंत सारखी, पण साधी काच बसवली. रात्री मालकांचा फोन आला: वेगाचा आकडा दोनदा दिसतोय, एकावर एक. डिस्प्लेच्या काचेत मधला पडदा किंचित पाचरीसारखा असतो, वरून जाड आणि खाली पातळ, म्हणजे दोन थरांवरची प्रतिबिंबं एकमेकांवर बसतात. ती पाचर आमच्या काचेत नव्हती. चूक आमची होती. दुसरी काच आम्ही आमच्या खर्चाने बसवली. त्या दिवसापासून चॅसिस नंबर घेऊन काचेचा पार्ट नंबर जुळवल्याशिवाय ऑर्डर देत नाही.

स्पोर्ट्स कारची काच जवळजवळ आडवी झुकलेली असते. जितकी आडवी, तितका काचेतला बारीकसा दोषही डोळ्याला मोठा दिसतो. स्वस्त काचेतून रस्त्याचे पट्टे लाटांसारखे हलताना दिसतात. म्हणून सर्व्हेअरशी बोलताना गाडीत काय काय आहे त्याची पूर्ण यादी आम्ही देतो: पावसाचा सेन्सर, कॅमेरा, आवाज रोखणारा थर, उष्णता परतवणारं कोटिंग. यातलं एखादं एस्टिमेटमध्ये राहिलं तर साध्या काचेची रक्कम मंजूर होते आणि फरक तुमच्या डोक्यावर बसतो. आरशामागे कॅमेरा असेल तर कॅलिब्रेशनही, म्हणजे कॅमेरा पुन्हा अचूक जुळवण्याचं कामही, एस्टिमेटमध्ये लिहून घ्यायचं. काच बदलल्यावर कॅमेरा केसभर सरकला तरी लेन आणि ब्रेकचा इशारा चुकतो.

बसवण्याचं काम

जुनी काच तारेने कापून काढतो. जुन्या सिलंटचा एक-दोन मिलिमीटरचा थर पत्र्यावर तसाच ठेवतो, कारण नवा सिलंट त्यावर सर्वांत घट्ट धरतो. पत्र्यावर ओरखडा उठला तर तिथे प्रायमर, नाहीतर दोन पावसाळ्यांत गंज. वापरतो तो पॉलियुरेथेन सिलंट हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतो, म्हणजे पावसाळी हवा त्याला उलट मानवते. पण चिकटायच्या जागेवर पाण्याचा एक थेंबही चालत नाही, म्हणून पावसात उघड्यावर काम करत नाही.

गाडी त्याच संध्याकाळी न्यायची घाई करू नका. शेजारच्या सीटची एअरबॅग उघडताना काचेवर टेकते, आणि गाडी उलटली तर छताचा भार पेलायला काच मदत करते. सिलंट कच्चा असेल तर दोन्ही निकामी. आम्ही गाडी रात्रभर ठेवून घेतो. नंतरचे दोन दिवस प्रेशर वॉश टाळा, आणि दारं लावताना एक खिडकी बोटभर उघडी ठेवा, म्हणजे आतल्या हवेचा दाब काचेवर येणार नाही.

काचेबरोबर जाणाऱ्या वस्तू

फास्टॅग काढला की फाटतो, तो नव्या काचेवर चिकटत नाही. बँकेकडून त्याच खात्यावर बदली टॅग मागवा, शिल्लक तशीच राहते. टॅग हातात धरून टोलवर दाखवू नका. २०२५ पासून महामार्ग प्राधिकरण असे सुटे टॅग काळ्या यादीत टाकतं. उष्णता परतवणाऱ्या काचेवर टॅग वाटेल तिथे लावून चालत नाही. कोटिंग नसलेली छोटी खिडकी आरशाजवळ असते, ती आम्ही दाखवून देऊ.

हाय सिक्युरिटी नंबरप्लेटचं स्टिकर, पेट्रोलला फिकट निळं आणि डिझेलला नारिंगी, तेही काढताना फाटतं. ते वेगळं मागवावं लागतं. नव्या काचेवर काळी फिल्म लावून मागू नका. पुढच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश आत यायला हवा असा नियम आहे.

आम्हाला काय पाठवायचं

व्हॉट्सॲपवर तड्याचा फोटो नाण्यासकट, आरशामागच्या भागाचा आतून एक फोटो, काचेच्या खालच्या कोपऱ्यातल्या छापील खुणांचा एक, आरसीची आणि पॉलिसीच्या पहिल्या दोन पानांची प्रत. चिकटपट्टी लावलेली असेल तर फोटोसाठी ती काढू नका. काच देशात आहे की बाहेरून येणार, किती दिवस लागतील आणि क्लेम परवडतो का, या तिन्ही गोष्टी कळवतो. बाहेरून यायची असेल तर तोवर गाडी चालवण्याजोगी आहे की नाही, हे गाडी बघूनच सांगू.