मोठ्या देणग्यांचे प्रादेशिक पथक (विद्यापीठीय)

विद्यापीठाच्या मुख्य आवारापासून दूरच्या शहरांत राहणाऱ्या माजी विद्यार्थ्यांशी, पालकांशी आणि हितचिंतकांशी संबंध जोडून त्यांच्याकडून मोठ्या रकमेच्या देणग्या मिळवणारे विद्यापीठाचे पथक. त्याच्या प्रमुखाला बहुधा प्रादेशिक संचालक म्हणतात. ही व्यवस्था अमेरिकेत सर्वाधिक विकसित झाली. ‘मोठी’ कशाला म्हणायचे हे प्रत्येक विद्यापीठ स्वतः ठरवते. लहान कॉलेजात २५ हजार डॉलर पुरतात, तर मोठ्या संशोधन विद्यापीठात ही रेघ एक लाख डॉलरवर किंवा त्याहूनही वर असते. अशी रक्कम सहसा एकदम हाती येत नाही; पाच वर्षांपर्यंतच्या हप्त्यांत देण्याचे लेखी वचन मिळते आणि पथकाच्या हिशेबात ते वचन धरले जाते.

पूर्वपीठिका : विद्येसाठी दूरदेशी जाऊन पैसा मागण्याची रीत अमेरिकेतील विद्यापीठांइतकीच जुनी आहे. १६४१ मध्ये मॅसॅच्युसेट्स वसाहतीने तीन प्रतिनिधी इंग्लंडला धाडले. हार्वर्डसाठी निधी मिळवणे हे त्यांच्या कामांपैकी एक होते. त्यातूनच १६४३ मध्ये लंडनच्या लेडी ॲन मोल्सन यांनी १०० पौंड दिले आणि हार्वर्डची पहिली शिष्यवृत्ती उभी राहिली. येल या नावाचा उगम तर थेट भारतापर्यंत पोचतो. मद्रासच्या फोर्ट सेंट जॉर्जचा माजी गव्हर्नर इलायहू येल याने १७१८ मध्ये मालाचे नऊ गठ्ठे, ४१७ पुस्तके आणि राजा पहिला जॉर्ज याचे चित्र कनेटिकटमधील एका कॉलेजाला पाठवले. माल विकून आलेल्या पैशातून इमारत उभी राहिली आणि कॉलेजाने त्याचे नाव घेतले. मद्रासमध्ये तो गुलामांच्या व्यापारातही गुंतला होता, हेही या देणगीसोबत सांगितले पाहिजे.

पगारी, संघटित व्यवस्था विसाव्या शतकातली. १९१७ मध्ये अमेरिकेच्या आयकर कायद्यात दानावर वजावट आली आणि १९१९ मध्ये हार्वर्डने व्यावसायिक पद्धतीने देशव्यापी मोहीम चालवली. पुढे मोहिमांचे आकडे वाढत गेले. २०१८ मध्ये संपलेल्या मोहिमेत हार्वर्डने ९.६ अब्ज डॉलर जमवले. एवढा पैसा एका आवारात बसून जमत नाही. त्यासाठी न्यूयॉर्क, बे एरिया (सॅन फ्रान्सिस्कोचा परिसर), लॉस एंजेलिस, फ्लॉरिडा, लंडन, हाँगकाँग अशी विभागणी करावी लागते.

प्रमुखाचे काम : प्रमुखाच्या हाताखाली साधारणतः चार ते दहा देणगी अधिकारी असतात. प्रत्येकाकडे शंभर ते दीडशे संभाव्य देणगीदारांची यादी असते. तिला पोर्टफोलिओ म्हणतात. नावे शोधून देणारा संशोधन विभाग आवारात बसलेला असतो. घराची सरकारी नोंद, कंपन्यांच्या संचालकांनी जाहीर केलेले शेअर, इतर संस्थांना दिलेल्या देणग्या अशा उघड माहितीवरून तो माणसाची ऐपत मोजतो. ओढ मात्र कागदावर दिसत नाही. वसतिगृहातील खोलीची आठवण निघाली की कोणाचा आवाज बदलतो, कोण अजून आपल्या प्राध्यापकांना पत्र लिहितो, हे भेटूनच कळते. ऐपत आहे पण ओढ नाही, अशी नावे यादीत वर्षानुवर्षे पडून राहतात. ती वेळेवर काढून टाकायला लावणे हे प्रमुखाच्या कामातले पहिले कठीण काम, कारण लांब यादी पाहून अधिकाऱ्याला आणि वरिष्ठांना दोघांनाही धीर वाटत असतो.

अधिकारी महिन्याला दहा-पंधरा भेटी घेतो. पहिल्या भेटीत पैसे मागायचे नसतात. ओळख, मग विद्यापीठाशी पुन्हा जवळीक, मग नेमक्या कामासाठी नेमक्या रकमेची मागणी आणि शेवटी दिलेल्या पैशाचे काय झाले याचा हिशेब, असा हा प्रवास दीड-दोन वर्षे चालतो, कधी दहा वर्षेही. अब्जाधीश उद्योजक मायकेल ब्लूमबर्ग १९६४ मध्ये जॉन्स हॉपकिन्समधून पदवीधर झाले. त्यांची पहिली देणगी पाच डॉलरची होती. २०१८ मध्ये त्यांनी त्याच विद्यापीठाला १.८ अब्ज डॉलर दिले, तेही गरजू विद्यार्थ्यांच्या शिक्षणखर्चासाठी. मधल्या पन्नासहून अधिक वर्षांत विद्यापीठाकडून त्यांच्याशी बोलणारी माणसे कितीदा तरी बदलली असणार. प्रादेशिक नेतृत्वाचा गाभा इथेच आहे : माणसे बदलली तरी धागा तुटू द्यायचा नाही.

या पेशात दोन-तीन वर्षांत नोकरी बदलणे नेहमीचे आहे. म्हणून भेटीनंतर लिहायच्या टिपणाला मोल येते. चांगल्या टिपणात जेवणाच्या जागेचे वर्णन नसते. देणगीदार काय म्हणाला, कशावर गप्प झाला, आपण त्याला कोणता शब्द दिला, हे असते. टिपण लिहिले गेले नाही तर तीन वर्षांनी येणारा नवा अधिकारी त्याच माणसाला पुन्हा ‘तुम्ही कुठल्या शाखेचे?’ असे विचारतो, आणि संस्थेला आपली आठवण नाही हे त्या माणसाला त्याच क्षणी उमगते. टिपणे वाचणारा प्रमुख आणि फक्त मोजणारा प्रमुख यांच्या पथकांत पडणारा फरक असा उशिरा, पण नक्की दिसतो.

दुसरा मोठा भाग म्हणजे घरातलीच भांडणे. एकच माजी विद्यार्थी अभियांत्रिकीच्या अधिष्ठात्यांना आपला वाटतो, वैद्यकीय विद्यालयाला आपला वाटतो, ग्रंथालयालाही हवा असतो. त्याला मात्र कदाचित नाट्यविभागाला द्यायचे असते, कारण पदवी कशाचीही असली तरी त्याच्या आयुष्यातली चांगली वर्षे रंगमंचामागे गेलेली असतात. कोणी, कधी, कशासाठी विचारायचे याची परवानगी देणारी बैठक नियमित होते आणि प्रमुख तिथे आपल्या प्रदेशातील देणगीदाराचा वकील असतो. विभागांच्या गरजेपेक्षा देणाऱ्याच्या इच्छेला आधी उभे करणे सोपे नसते. अधिष्ठाता पदाने मोठा असतो आणि आवारात असतो, देणगीदार हजारो मैलांवर.

अधिकाऱ्याने त्या प्रदेशातच राहावे की आवारातून ये-जा करावी, यावर एकमत नाही. स्थानिक अधिकाऱ्याला उद्याच्या जेवणाचेही आमंत्रण मिळते. पण वर्षभरात तो प्रयोगशाळांपासून तुटतो आणि त्याच्या बोलण्यातला ताजेपणा जातो. वर्षातून किमान चार वेळा त्याला आवारात नेऊन संशोधकांसमोर बसवणे, हा खर्च वाचवू नये.

मोजमाप आणि नीती : भेटी, मागण्या आणि मिळालेली रक्कम या तीन आकड्यांवर अधिकाऱ्याचे वर्ष मोजले जाते. आर्थिक वर्षअखेरचा, म्हणजे बहुतेक विद्यापीठांत ३० जूनचा, दबाव प्रमुखाने स्वतःवर घ्यायचा असतो. पिकण्याआधी तोडलेली मागणी दहा लाखांच्या जागी पन्नास हजार आणते, आणि माणूस ‘आपण आपले कर्तव्य केले’ म्हणून मोकळा होतो. अधिकाऱ्याला देणगीवर टक्केवारी देणे मात्र या पेशाच्या आचारसंहितेने निषिद्ध मानले आहे. कमिशन आले की सल्ला देणाऱ्याचा आणि देणगी देणाऱ्याचा स्वार्थ वेगळा होतो.

पैसा कोणाचा, हा प्रश्नही प्रमुखाच्याच दारी प्रथम येतो. लीबियाच्या हुकूमशहाचा मुलगा सैफ गद्दाफी याच्या प्रतिष्ठानाने १५ लाख पौंडांचे वचन दिले, ते स्वीकारल्यावरून २०११ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या संचालकांनी राजीनामा दिला. लैंगिक गुन्ह्यात दोषी ठरलेल्या जेफ्री एपस्टाइन या धनिकाच्या देणग्यांवरून २०१९ मध्ये एमआयटीच्या (मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) मीडिया लॅबचे प्रमुख पायउतार झाले. त्यांतल्या काही रकमा निनावी म्हणून नोंदल्या होत्या. ‘नको’ म्हणण्याचा अधिकार कोणाकडे आहे हे लिहून ठेवलेले नसेल, तर वर्षाचा आकडा गाठायला निघालेल्या अधिकाऱ्याकडून ती अपेक्षा धरता येत नाही.

महाराष्ट्राशी संबंध : मुंबई हे परदेशी विद्यापीठांसाठी देणगीचे ठिकाण झाले, त्यामागे अशीच दीर्घ नाती आहेत. रतन टाटा यांनी कॉर्नेलमधून वास्तुशास्त्राची पदवी घेतली होती. टाटा न्यासांनी २००८ मध्ये कॉर्नेलला ५ कोटी डॉलर दिले, २०१० मध्ये टाटा समूहाने हार्वर्ड बिझनेस स्कूलला तेवढेच. त्याच वर्षी आनंद महिंद्र यांनी हार्वर्डच्या मानव्यविद्या केंद्राला एक कोटी डॉलर दिले. व्यवस्थापनाची पदवी असलेल्या उद्योगपतीने तत्त्वज्ञान-साहित्याच्या केंद्राला द्यावे, हे वर सांगितलेल्या ओढीचे उत्तम उदाहरण.

इथली स्वतःची परंपराही कमी नाही. प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ मध्ये मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि आईच्या नावे मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले. तोच राजाबाई टॉवर. धोंडो केशव कर्वे यांनी महिला विद्यापीठासाठी दारोदार वर्गणी मागितली, पुढे युरोप, अमेरिका, जपान आणि आफ्रिकेतही फिरले. १९२० मध्ये विठ्ठलदास ठाकरसी यांनी दिलेल्या १५ लाखांमुळे विद्यापीठाला नाथीबाई दामोदर ठाकरसी हे त्यांच्या आईचे नाव मिळाले. अण्णा कर्वे यांना प्रादेशिक पथक नव्हते. ते एकटेच अधिकारी, प्रमुख आणि हिशेबनीस होते.

आयआयटी मुंबईने हे काम आधुनिक पद्धतीने बांधले. २०२३ मध्ये नंदन निलेकणी यांनी प्रवेशाला पन्नास वर्षे झाल्याच्या निमित्ताने ३१५ कोटी रुपये दिले. त्याआधी त्यांनी ८५ कोटी दिले होते. अमेरिकेतील माजी विद्यार्थ्यांना करसवलत मिळावी म्हणून तिथे नोंदलेले वेगळे प्रतिष्ठान आहे. भारतातल्या खासगी विद्यापीठाला न्यू जर्सी किंवा बे एरियातील मराठी मंडळींकडून थेट देणगी घ्यायची असेल, तर नागरिकत्व आडवे येते. भारतीय पासपोर्टवर तिथे राहणाऱ्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम विदेशी अंशदान, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने परकी देणगी, ठरत नाही. अमेरिकी नागरिक झालेल्या त्याच्याच सख्ख्या भावाची ठरते, आणि ती घ्यायला विद्यापीठाकडे विदेशी अंशदान कायद्याखालची नोंदणी व दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत खाते लागते. त्यामुळे अशा पथकाच्या प्रमुखाला रकमेच्या आधी पासपोर्टची चौकशी करावी लागते.