मेसेज ब्रोकरचा वेग मोजणारी टूल्स: परफटेस्ट आणि त्याच्या भावंडांची पार्श्वभूमी

रॅबिटएमक्यू हा मेसेज ब्रोकर, म्हणजे एका प्रोग्रामचे मेसेज घेऊन दुसऱ्याकडे पोचवणारा मधला सर्व्हर. त्याचा वेग मोजणाऱ्या परफटेस्ट या टूलची नवी आवृत्ती आली की सोबतची बदलांची यादी कोरडी दिसते. एखादा फ्लॅग (कमांडला जोडायचा पर्याय) वाढलेला, आउटपुटचा साचा बदललेला, आतला जावा क्लायंट एका आकड्याने पुढे सरकलेला. रॅबिटएमक्यू चालवणारे अनेक जण ती न वाचताच नवी जार फाइल उतरवून घेतात. ती वाचायला हवी, आणि शक्य असेल तर जुन्या याद्यांच्या शेजारी ठेवून वाचायला हवी. कारण या टूलमध्ये हौसेखातर फारसं काही वाढलेलं नाही. आधीच्या आकड्यात काहीतरी दडून राहत होतं, ते कुणाच्या तरी लक्षात आलं आणि एक फ्लॅग आला, असाच बहुतेक बदलांचा इतिहास आहे. काफ्का या दुसऱ्या ब्रोकरसोबत येणाऱ्या परफॉर्मन्स स्क्रिप्टची कथाही वेगळी नाही.

सुरुवात ब्रोकरपासून करावी लागेल. २००३ मध्ये जेपी मॉर्गन चेस या बँकेत जॉन ओ'हारा यांनी एएमक्यूपी या खुल्या प्रोटोकॉलचं, म्हणजे ब्रोकर आणि क्लायंटने एकमेकांशी बोलायच्या सामाईक नियमांचं, काम सुरू केलं. त्याआधी मेसेजिंगचा बाजार बंदिस्त उत्पादनांचा होता. ज्याचा ब्रोकर त्याचाच क्लायंट, आणि वेगाचे आकडेही त्याचेच. बाहेरच्याने तेच माप लावून दुसरा ब्रोकर तपासावा, अशी सोय जवळजवळ नव्हती. प्रोटोकॉल खुला झाल्यावर पहिल्यांदा असं घडू शकलं की लोड टाकणारा प्रोग्राम आणि ब्रोकर वेगवेगळ्या हातांनी लिहिलेले असतील. रॅबिटएमक्यू २००७ मध्ये आला, एर्लांगमध्ये लिहिलेला. एएमक्यूपीची ०-९-१ ही आवृत्ती २००८ ची. रॅबिटएमक्यूचा बराचसा संसार आजही तिच्यावर चालतो.

त्याच २००७ साली स्पेक या संस्थेने जेएमएस (जावाची मेसेजिंगची पद्धत) सर्व्हरसाठी स्पेकजेएमएस२००७ हा प्रमाणित बेंचमार्क आणला. त्यात एका सुपरमार्केट कंपनीची पुरवठा साखळी उभी केलेली होती: दुकानं, गोदामं, पुरवठादार, मुख्यालय आणि त्यांच्यातले मेसेजचे सात प्रकारचे व्यवहार. काम फार विचारपूर्वक केलेलं होतं. लोड दोन दिशांनी वाढवता येई, ठिकाणं वाढवून किंवा प्रत्येक ठिकाणची वर्दळ वाढवून. पण तो बेंचमार्क मांडायचा म्हणजे एक प्रकल्पच हाती घ्यायचा. सेटिंगमध्ये एक बदल केला, त्याने फरक पडला का, हे पाच मिनिटांत पाहायचं असेल तर तो कामाचा नव्हता. ती गरज कमांड लाइनच्या छोट्या टूलनेच भागणार होती.

रॅबिटएमक्यूपुरतं ते टूल आधीच हाताशी होतं. जावा क्लायंटच्या चाचण्या आणि उदाहरणांच्या फोल्डरमध्ये मल्टिकास्टमेन नावाचा एक क्लास होता. मेसेज पाठवणारे काही प्रोड्यूसर आणि ते घेणारे काही कन्झ्युमर उभे करायचे, शक्य तितक्या वेगाने मेसेज ढकलायचे आणि सेकंदाला किती गेले, किती आले, हे छापायचं, एवढंच त्याचं काम. हाच क्लास पुढे परफटेस्ट झाला. २०१२ मध्ये रॅबिटएमक्यूच्या चमूने याच टूलच्या आधारे मोजमापांची मालिका प्रसिद्ध केली आणि बाहेरच्या लोकांना त्याची खरी ओळख झाली. नंतर क्लायंटमधून बाहेर काढून त्याचा स्वतंत्र प्रकल्प झाला आणि आवृत्त्या क्लायंटची वाट न पाहता निघू लागल्या.

मल्टिकास्टमेनच्या काळातला आकडा म्हणजे थ्रूपुट, सेकंदाला किती मेसेज. पण कसला थ्रूपुट? प्रोड्यूसरने सॉकेटमध्ये बाइट लिहिले की त्याच्या लेखी मेसेज गेला. ब्रोकरने तो स्वीकारला का, डिस्कवर लिहिला का, याचा त्यात पत्ताच नाही. हमी हवी असेल तर एएमक्यूपीची ट्रॅन्झॅक्शन होती. ती वापरली तर थ्रूपुट सुमारे २५० पटींनी घसरतो, असं रॅबिटएमक्यूच्या दस्तऐवजातच लिहिलेलं आहे. फेब्रुवारी २०११ मध्ये २.३.१ आवृत्तीत पब्लिशर कन्फर्म आले, म्हणजे ब्रोकर मागाहून आणि गठ्ठ्याने पोच देऊ लागला. मग परफटेस्टमध्ये 'कन्फर्म' हा पर्याय महत्त्वाचा ठरला: पोच न मिळालेले जास्तीत जास्त किती मेसेज वाटेवर असू द्यायचे, ही मर्यादा. मर्यादा १ ठेवा आणि मग १०० ठेवा. ब्रोकर तोच, यंत्र तेच, आकडे मात्र एकमेकांना ओळख देणार नाहीत. पुढे टूल पोच मिळायला लागलेला वेळ आणि कन्झ्युमरपर्यंत पोचायला लागलेला वेळ स्वतंत्रपणे दाखवू लागलं. या दोन वेळा वेगळ्या काढणं हा परफटेस्टमधला सर्वात मोलाचा बदल आहे, असं मला वाटतं. ब्रोकर मंद आहे की कन्झ्युमर मागे पडलाय, हे त्यावरूनच कळतं.

लेटन्सी, म्हणजे मेसेजला पोचायला लागणारा वेळ, सुरुवातीला तीन आकड्यांत येई: किमान, सरासरी, कमाल. सरासरीत वाईट क्षण विरघळून जातात आणि कमाल आकडा एका अपघातानेही फुगतो. म्हणून ओळ बदलली आणि किमान, मध्यक, मग ७५, ९५ आणि ९९ वा पर्सेंटाइल (शंभरातले ९९ मेसेज ज्या वेळेच्या आत पोचले ती वेळ) असे आकडे दिसू लागले. जुन्या आउटपुटवर स्क्रिप्ट लिहून बसलेल्यांची त्यात मोडतोड झाली, पण जावा व्हीएमच्या गार्बेज कलेक्शनचे (मेमरी साफ करतानाचे) थांबे आणि डिस्कचे झटके पहिल्यांदा डोळ्यांसमोर आले.

ही वेळ टूल मोजतं कशी, तेही पाहण्यासारखं आहे. परफटेस्ट मेसेजच्या आतच चार बाइटचा क्रमांक आणि आठ बाइटची वेळ भरतं. म्हणून 'साइझ' शून्य ठेवला तरी मेसेज १२ बाइटचा निघतो. ही वेळ मुळात जावाच्या नॅनोसेकंद घड्याळाची. ते घड्याळ अंतर मोजायला उत्तम आहे, पण त्याचा शून्यबिंदू प्रत्येक यंत्राचा वेगळा असतो. प्रोड्यूसर एका यंत्रावर आणि कन्झ्युमर दुसऱ्यावर असेल तर वजाबाकीला अर्थच उरत नाही. त्यासाठी मिलिसेकंद वापरण्याचा फ्लॅग आला. अचूकता कमी होते आणि दोन्ही यंत्रांची घड्याळं एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवणाऱ्या प्रोटोकॉलने) जुळलेली असावी लागतात. जेसनसारखं स्वतःचं खरं पेलोड (मेसेजचा मजकूर) पाठवता यावं अशी सोय झाली, तेव्हा ती वेळ मेसेजच्या हेडरमध्ये हलवावी लागली. चाचणी वास्तवाच्या जवळ न्यायची तर मोजणारी खूणही मेसेजच्या पोटातून बाहेर काढावी लागते.

आता काफ्काकडे. लिंक्डइनमध्ये तयार झालेला काफ्का २०११ मध्ये खुला झाला आणि त्याच वर्षीच्या शोधनिबंधात त्याची तुलना ॲक्टिव्हएमक्यू आणि रॅबिटएमक्यूशी होती. २०० बाइटचे १ कोटी मेसेज. एकेक पाठवले तर सेकंदाला ५०,००० आणि ५० च्या गठ्ठ्याने पाठवले तर ४,००,०००. निबंधातच प्रामाणिकपणे लिहिलं होतं की काफ्काचा प्रोड्यूसर तेव्हा ब्रोकरच्या पोचेची वाटच पाहत नव्हता. लोकांच्या लक्षात मात्र आकडे राहिले, हे वाक्य गळून पडलं.

२०१४ मध्ये लिंक्डइनने तीन साध्या यंत्रांवर सेकंदाला २० लाख मेसेज लिहिल्याचं दाखवलं. हे मोजमाप काफ्कासोबतच येणाऱ्या प्रोड्यूसर परफॉर्मन्स टूलने केलेलं होतं आणि कमांड जाहीर केलेल्या होत्या. मेसेज १०० बाइटचे. मेसेजच्या प्रती इतर यंत्रांवर न ठेवता एकाच प्रोड्यूसरने ८,२१,५५७, तीन प्रती ठेवून पण सगळ्यांच्या पोचेची वाट न पाहता ७,८६,९८०, आणि वाट पाहिली तर ४,२१,८२३. त्याच वर्षी रॅबिटएमक्यूनेही गूगलच्या क्लाउडवर सेकंदाला १० लाखांचा टप्पा गाठला, पण ३२ नोडच्या (यंत्रांच्या) क्लस्टरवर. हे दोन आकडे शेजारी ठेवून त्या काळी पुष्कळ वाद झाले. एकीकडे फाइलच्या शेवटी गठ्ठे जोडत जाणारा लॉग, दुसरीकडे प्रत्येक मेसेजचा मार्ग ठरवून त्याचा हिशेब ठेवणारा क्यू, म्हणजे रांग. दोन्ही टूल्स 'सेकंदाला मेसेज' हेच एकक छापत होती, म्हणून तुलना सोपी वाटली. मोजलं जात होतं ते काम मात्र एकच नव्हतं.

काफ्काच्या बाबतीत आणखी एक गोष्ट हमखास निसटते. ३.० आवृत्तीत, २०२१ मध्ये, प्रोड्यूसरच्या पोचेचं मूळ सेटिंग '१' (एकाच ब्रोकरची पोच) वरून 'ऑल' (प्रतींचीही पोच) झालं. म्हणजे परफॉर्मन्स स्क्रिप्टची एक ओळही न बदलता तीच कमांड आधीपेक्षा कडक हमीची चाचणी घेऊ लागली. अपग्रेडनंतर आकडा घसरला म्हणून ब्रोकरला दोष देण्याआधी हे तपासायला हवं.

लेटन्सी मोजण्यातली सर्वात खोल चूक गिल टेने यांनी पुढे आणली आणि तिला कोऑर्डिनेटेड ओमिशन असं नाव दिलं. ब्रोकर दोन सेकंद गोठला तर लोड टाकणारं टूलही त्याच्यासोबत थांबतं. त्या दोन सेकंदांत जे हजारो मेसेज निघायला हवे होते, ते निघतच नाहीत, त्यामुळे त्यांची लेटन्सी नोंदलीही जात नाही. तिकीटखिडकी बंद पडली तेव्हा खिडकीपाशी उभ्या असलेल्या एकट्याचाच खोळंबा मोजावा आणि मागची सगळी रांग सोडून द्यावी, तसा हा प्रकार. अशा वेळी ९९ वा पर्सेंटाइलही सुंदर दिसतो. उपाय असा की दर आधी ठरवायचा आणि मेसेज प्रत्यक्षात कधी निघाला यापेक्षा तो कधी निघायला हवा होता तिथून वेळ मोजायची. परफटेस्टमधला 'रेट' आणि काफ्का स्क्रिप्टमधला 'थ्रूपुट' हे पर्याय यातला पहिला अर्धा भाग देतात, दुसरा आपोआप येत नाही. तरीही दर बांधून केलेली चाचणी बेलगाम चाचणीपेक्षा कितीतरी बरी. बेलगाम चाचणीत क्यू भरत जातो आणि लेटन्सीच्या नावाखाली आपण मेसेज किती वेळ क्यूत पडून राहिला तेच मोजत बसतो. काफ्कातलं एंड-टू-एंड लेटन्सीचं टूल दुसऱ्या टोकाला आहे: एक मेसेज पाठवतं, तो परत हाती येईपर्यंत थांबतं, मगच पुढचा पाठवतं. त्यातून रिकाम्या ब्रोकरची लेटन्सी कळते, लोडखालची नाही.

वेगवेगळ्या ब्रोकरना एकच माप लावण्यासाठी ओपनमेसेजिंग बेंचमार्क हा सामाईक आराखडा तयार झाला. वाद त्याने मिटले नाहीत, फक्त अधिक नेमके झाले. २०२० मध्ये काफ्काच्या बाजूच्या कॉन्फ्लुएंट कंपनीने त्याच आराखड्यावर काफ्का ६०५, पल्सार हा आणखी एक ब्रोकर ३०५ आणि रॅबिटएमक्यू ३८ मेगाबाइट प्रति सेकंद असे आकडे दिले. पल्सारच्या बाजूच्या स्ट्रीमनेटिव्हने सेटिंग बदलून तीच चाचणी पुन्हा केली आणि बरोबरीचे आकडे दाखवले. खरा मुद्दा एफसिंकचा होता: काफ्का नेहमीच्या सेटिंगमध्ये प्रत्येक लिखाण डिस्कवर ढकलून थांबत नाही, प्रतींवर विसंबतो, पल्सारखालची बुककीपर ही साठवण यंत्रणा जर्नल डिस्कवर पोचल्यावरच पोच देते. या वादामुळे निदान एवढं झालं की हमीची पातळी न सांगता नुसता थ्रूपुट छापणं अवघड झालं.

इकडे परफटेस्ट दुसऱ्या दिशेनेही वाढत होतं. छोट्या उपकरणांची हजारो कनेक्शन, प्रत्येकाकडून मिनिटाला जेमतेम एखादा मेसेज, असा लोड जुन्या रचनेला झेपत नव्हता, कारण प्रत्येक कनेक्शनमागे थ्रेड लागत होते. नॉन-ब्लॉकिंग आयओचे पर्याय, प्रोड्यूसरसाठी सामाईक शेड्युलर, सगळे एकदम सुरू होऊ नयेत म्हणून यादृच्छिक विलंब, हे सगळं त्यातून आलं. मेट्रिक्स प्रोमेथियस या मोजमापं साठवणाऱ्या टूलकडे पाठवण्याची सोयही आली. टर्मिनलवरची ओळ नजरेआड होते; आलेखावर ब्रोकरची मेमरी आणि चाचणीची लेटन्सी एकाच वेळरेषेवर दिसतात.

काफ्काच्या बाजूला अलीकडचा एक बदल छोटा असूनही मला फार आवडतो: सुरुवातीचे ठरावीक रेकॉर्ड वॉर्मअप म्हणून वेगळे काढण्याचा पर्याय. जावा व्हीएम तापेपर्यंत आणि कनेक्शन जुळेपर्यंतचे पहिले क्षण नेहमीच मंद असतात, आणि लहान चाचणीत तेच सगळा ९९ वा पर्सेंटाइल खाऊन टाकतात. इतकी वर्षं लोक ते हाताने वगळत होते किंवा वगळतच नव्हते.

रॅबिटएमक्यूमध्ये २०१९ च्या ३.८ आवृत्तीत राफ्ट या नोडमधल्या सहमतीच्या पद्धतीवर आधारलेले कोरम क्यू आले, २०२१ च्या ३.९ मध्ये स्ट्रीम, म्हणजे काफ्कासारखे लॉग, आले. परफटेस्टने दोन्हींसाठी फ्लॅग दिले, पण स्ट्रीमच्या स्वतःच्या बायनरी प्रोटोकॉलसाठी वेगळं स्ट्रीम परफटेस्ट लिहावं लागलं. २०२४ च्या ४.० मध्ये एएमक्यूपी १.० ला मुख्य प्रोटोकॉलचं स्थान मिळालं, आणि ०-९-१ बोलणारं मूळ परफटेस्ट तिथे पोचत नाही. ती जागा गो भाषेत लिहिलेलं ओएमक्यू भरून काढतंय. ते एएमक्यूपी १.० सोबत एमक्यूटीटी आणि स्टॉम्प हे प्रोटोकॉलही बोलतं, आणि प्रोड्यूसर एका प्रोटोकॉलवर, कन्झ्युमर दुसऱ्यावर ठेवू देतं. त्यामुळे एका प्रोटोकॉलमधून दुसऱ्यात जाताना ब्रोकरच्या आत होणाऱ्या भाषांतराची किंमत एकाच कमांडने मोजता येते. जुन्या परफटेस्टच्या आकड्यांशी ओएमक्यूचे आकडे थेट जोडून बघू नयेत: क्लायंट वेगळा, भाषा वेगळी, प्रोटोकॉलही वेगळा. दोन्ही टूल्स एकाच ब्रोकरवर, एकाच क्यूवर, बांधलेल्या दराने चालवून आधी त्यांच्यातला फरक नोंदवावा, मग पुढचे आकडे वाचावेत.