शिंग-यी च्वानमधील प्राणिरूपे

चीनमधील ‘अंतर्गत’ (म्हणजे स्नायूंच्या जोरापेक्षा मन आणि श्वासावर भर देणाऱ्या) युद्धकलांपैकी शिंग-यी च्वान या कलेतील बारा चालींचा संच. ‘शिंग’ म्हणजे आकार, ‘यी’ म्हणजे मनातला हेतू आणि ‘च्वान’ म्हणजे मूठ. धातू, पाणी, लाकूड, अग्नी आणि माती या पाच चिनी तत्त्वांशी जोडलेले पाच मूळ प्रहार बसले की हा संच शिकवतात. वाघ, ड्रॅगन, माकड, घोडा, यांगत्से नदीतली मगर (थ्वो), कोंबडा, पाकोळी, आपल्या शिक्ऱ्याचा भाऊबंद असलेला ससाणा, साप, थाय, गरुड आणि अस्वल ही ती बारा रूपे. यातला ‘थाय’ नेमका कोण यावर गुरूंचेच एकमत नाही. पक्षी म्हणावा, तर काही जण त्याची चिनी लिपीतली खूण माशाच्या चिन्हाने लिहितात.

भुजंगासन किंवा मयूरासन यांच्याशी गल्लत होऊ नये. आसनात स्थिर व्हायचे असते. इथे प्राण्याची झेप किंवा दबा धरणे अंगी आणायचे असते. पंजे वाकवून गुरगुरणाऱ्याला चांगला गुरू हसेल.

वाघाची चाल पाहू. सुरुवातीच्या पवित्र्यात एक पाय पुढे, पण भार बराचसा मागच्या पायावर. दोन्ही मुठी बेंबीशी ओढून घ्यायच्या आणि एका पायावर तोल धरत दुसरे पाऊल घोट्याशी आणून क्षणभर थांबायचे. मग मुठी छातीवरून हनुवटीपर्यंत चढतात, तिथे उलटून तळवे उघडतात आणि पाऊल पडते त्याच क्षणी दोन्ही तळवे समोरच्याच्या छातीवर आदळतात. हात आधी आणि पाय मागून आला, तर उरतो नुसता ढकलण्याचा जोर. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या भागाला चिनीत ‘वाघाचे तोंड’ म्हणतात, ते इथे ताणून उघडे हवे.

पाकोळी पाण्याला चाटून जाते, तशी तिची चाल जमिनीलगत खाली जाऊन झटकन उठते. ससाणा झाडीतून अंग चोरून घुसतो. साप गवत बाजूला सारत निघतो, खांदा आणि हाताचा पुढचा भाग खालून वर आणत. कोंबड्याची खरी देणगी मात्र पायात आहे. एका पायावर निवांत उभे राहणे संपूर्ण शिंग-यीच्या चालण्यात मुरलेले आहे.

परंपरा या कलेचे श्रेय सुंग राजवटीतील सेनापती युए फेई (११०३–११४२) यांना देते, पण ती दंतकथाच समजावी. इतिहासात पहिले ठळक नाव सतराव्या शतकातल्या शान्शी प्रांतातील जी जीके यांचे. ते भालाईत होते आणि मुठीची चाल भाल्याच्या खुपसण्यावरून बेतल्याचे सांगतात. एकोणिसाव्या शतकात ली ल्वोनेंग यांनी ही कला शान्शीत शिकून हेबेई प्रांतात नेली. युद्धकलेचे गुरू सुन लुथांग यांनी १९१५च्या आपल्या ग्रंथात बाराही रूपे मांडली. हेनानमधील हुई मुस्लिम समाजाने जपलेल्या जुन्या शाखेत मात्र प्राणी दहाच. मगर आणि थाय तिथे नाहीत.

गरुड झडप घालून खाली येतो, अस्वल खांदे उचलत वर उठते. या दोन हालचाली परस्परांना पुऱ्या करतात, म्हणून अनेक ठिकाणी त्यांची एकच जोडचाल करतात आणि बारा रूपांचे प्रत्यक्षात अकरा धडे होतात.