कोणती तपासणी करावी, कोणती नाही : आमच्या लॅबमध्ये येणाऱ्यांसाठी

"एकदा सगळंच चेक करून टाका." रोज सकाळी आमच्या काउंटरवर कुणी ना कुणी हे म्हणतंच. त्रास काही नसतो. शेजारच्या कुणाला ॲटॅक आलेला असतो, किंवा मोबाइलवर सत्तर तपासण्यांच्या पॅकेजची जाहिरात दिसलेली असते. अशांसाठी हे पत्रक आहे. ज्यांना काही त्रास होतोय त्यांनी आधी डॉक्टरांना भेटावं आणि ते लिहून देतील तेवढंच करावं.

सत्तर तपासण्या का नकोत, ते आधी सांगतो. रिपोर्टच्या उजवीकडे जी नॉर्मल रेंज छापलेली असते, ती साधारणपणे १०० निरोगी माणसांपैकी ९५ जणांचे आकडे बसतील अशी ठरवलेली असते. उरलेले ५ जणही निरोगीच असतात, फक्त त्यांचा आकडा रेंजबाहेर पडतो. त्यामुळे एकमेकींशी संबंध नसलेल्या २० तपासण्या एकदम केल्या, तर धडधाकट माणसाचाही निदान एक आकडा ठळक अक्षरात छापून येण्याची शक्यता ६० टक्क्यांच्या वर जाते. मग झोप उडते आणि त्या एका आकड्यापायी आणखी खर्च होतो. पॅकेजमधले 'कॅन्सर मार्कर' (कॅन्सरचा इशारा म्हणून रक्तात मोजले जाणारे पदार्थ) तर निरोगी माणसाने करूच नयेत. सीए-१२५ हा अंडाशयाच्या कॅन्सरचा मार्कर पाळीच्या दिवसांतही वाढलेला दिसू शकतो, आणि तो नॉर्मल आला म्हणजे कॅन्सर नाही असंही म्हणता येत नाही.

तिशीनंतर खरोखर पाहाव्या अशा गोष्टी थोड्याच आहेत, आणि त्यातल्या काहींना रक्तच लागत नाही. पहिलं बीपी. पाच मिनिटं शांत बसून, पाय जमिनीला टेकवून मोजायचं. अर्धा तास आधी चहा-तंबाखू नाही. १४०/९० किंवा त्याहून जास्त आलं तर घाबरू नका, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. दुसरं कंबरेचं माप. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि बायकांची ८० सेंटिमीटरच्या वर असेल, तर वजन काटा काहीही सांगो, शुगर तपासायला उशीर करू नका. तिसरं तोंड. आपल्या भागात खर्रा (सुपारी-तंबाखू-चुन्याचं मिश्रण) किती चालतो हे सांगायला नको. खर्रा खाणाऱ्याने आरशासमोर तोंड उघडून पाहावं. पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, दोन आठवड्यांत न भरणारी जखम असली, किंवा तीन बोटं उभी तोंडात जात नसली, तर सरळ डॉक्टरांकडे जा. आमच्याकडे त्यावर रक्ताची तपासणी नाही.

बीपी, शुगर, तोंड, स्तन आणि गर्भाशयाचं मुख यांची तिशीनंतरची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. आशाताईंना विचारा. गर्भाशयमुखाची तपासणी आमच्या बायाबापड्या लाजेपायी टाळतात, हे आम्हाला फार लागतं. हा कॅन्सर होण्याच्या कितीतरी वर्षं आधी सापडू शकतो.

शुगरसाठी उपाशीपोटीचा आकडा १०० च्या आत असावा. १२६ किंवा त्याहून जास्त म्हणजे मधुमेह, पण ते दुसऱ्यांदा तपासून पक्कं करायचं. मधला टप्पा धोक्याच्या इशाऱ्याचा. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी सोयीची आहे, तिला उपाशी राहावं लागत नाही. पण सिकलसेल (तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होणारा आनुवंशिक आजार) किंवा ॲनिमिया असलेल्यांत ती फसवते, कारण ती मोजते तांबड्या पेशींना चिकटलेली साखर, आणि या आजारांत पेशींचं आयुष्यच बदललेलं असतं. असं काही असेल तर नमुना देण्याआधी आम्हाला सांगा.

आणि सिकलसेलचं आम्ही मुद्दाम सांगतो. गडचिरोली-चंद्रपूरकडे राहणाऱ्या प्रत्येकाने ही तपासणी आयुष्यात एकदा करावी, शक्यतो लग्न ठरण्याआधी. तो फक्त आदिवासी समाजात असतो हा गैरसमज आहे. वाहक माणूस, म्हणजे ज्याला हा दोष आई-वडिलांपैकी एकाकडूनच आलाय तो, शेतात राबतो, धावतो, त्याला सहसा काहीच होत नाही, म्हणून तर कळत नाही. पण नवरा-बायको दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. सिकलसेलची साधी, पहिल्या पायरीची सोल्युबिलिटी चाचणी वाहक आणि रुग्ण यांतला फरक सांगत नाही. ती पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी तपासणी) करावीच लागते. २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी होते आहे. तिथे झाली असेल तर आमच्याकडे पैसे घालवू नका.

नमुना देताना : उपाशीपोटी म्हणजे ८ तास पाण्याशिवाय काही नाही. एकादशीचा उपास धरून, साबुदाण्याची उसळ खाऊन येणारे आम्हाला दर महिन्याला भेटतात, त्यांना परत पाठवावं लागतं. बिनसाखरेचा चहा, सुपारी, खर्राही नको. पाणी मात्र भरपूर प्या, शीर लवकर सापडते. बीपीची गोळी नेहमीसारखी घ्या. शुगरची गोळी-इन्सुलिन, डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर, रक्त दिल्यावर नाश्त्यासोबत. जेवणानंतरच्या शुगरचे २ तास पहिल्या घासापासून मोजायचे, हात धुतल्यापासून नाही.

मागचे रिपोर्ट सोबत आणा. १.० वरून १.३ वर गेलेलं क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारा आकडा) एकट्या कागदावर साधं वाटतं, दोन कागद शेजारी ठेवले की चढ दिसतो. रिपोर्ट समजावून सांगायचे आम्ही पैसे घेत नाही. दुपारी ४ नंतर गर्दी कमी असते, तेव्हा या.