तोंड दाबून बुक्क्यांचा मार

बॉक्सिंगच्या क्लासला नव्याने येणाऱ्या मुलांची एक लकब मी बरीच वर्षं पाहतोय. स्पारिंगची, म्हणजे सरावाच्या लढतीची, पहिली राउंड अर्धी होते न होते तोच ग्लोव्ह तोंडाकडे जातो आणि माऊथगार्ड, म्हणजे दात वाचवायला वरच्या दातांवर बसवायची मऊ पट्टी, आत ढकलतो. तेवढ्यात हनुवटी उघडी पडते आणि समोरच्याचा जॅब, म्हणजे सरळ ठोसा, तिथेच येतो. कोच ओरडतात, "हात वर!" मुलगा बिचारा हात वर घेतो, माऊथगार्ड पुन्हा घसरतो, पुन्हा तेच.

दुकानात गेलं की प्रश्न हमखास असा पडतो, आरामदायी घ्यावा की मजबूत? मला हा प्रश्नच फसवा वाटतो. तोंडात सुखाने न राहणारा गार्ड कितीही जाड असला तरी दात वाचवत नाही, कारण ऐन वेळी तो एकतर हातात असतो, नाहीतर जिभेवर.

मुळात ही ३-४ मिलिमीटरची पट्टी करते तरी काय? दाताचं वरचं आवरण, इनॅमल, शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. पण कठीण म्हणजे चिवट नव्हे. चिनीमातीची बशी नखाने ओरखडत नाही, पण फरशीवर पडली की टवका उडतो, तसंच हे. मार थोडा जास्त वेळ आणि थोड्या जास्त जागेवर पसरला, तर टवका उडत नाही. झेल घेताना आपण हात मागे नेतो, त्यामागचं गणित हेच. मऊ पट्टी दबते, मार क्षणाचा काही अंश लांबतो, आणि एका दातावर येणारा जोर शेजारच्या चार दातांत वाटला जातो.

बॉक्सिंगमध्ये मात्र ठोसा थेट दातावर बसून दात तुटण्याची भीती त्यामानाने कमी. स्पारिंगचे ग्लोव्ह्ज साधारण १६ औंसांचे, म्हणजे साडेचारशे ग्रॅमच्या आसपास आणि गुबगुबीत. खरा घात आतून होतो. हनुवटीवर खालून अपरकट बसला की खालचे दात वरच्यांवर आदळतात. ओठ आणि गाल दात आणि ग्लोव्ह यांच्यामध्ये चेंगरतात, आणि आपलेच दात आपल्याच ओठाला आतून चिरतात. जीभ मध्ये सापडली तर विचारूच नका. म्हणून या खेळात गार्डची पुढची भिंत महत्त्वाची खरी, पण दाढांमधली गादीही तितकीच महत्त्वाची. दुकानात गार्ड हातात घेऊन लोक फक्त पुढची जाडी दाबून पाहतात.

जबड्याचं आणखी एक. खालचा जबडा कवटीला दोन सांध्यांवर टांगलेला असतो, दोन बिजागऱ्यांवरच्या दारासारखा. दार अर्धवट उघडं असेल आणि वारा आला तर ते धाडकन आपटतं, कडी लावलेलं दार नुसतं हादरतं. तोंड मिटून गार्डवर दात टेकवलेले असले की ही कडी लागते. तोंड उघडं टाकून लढणाऱ्याला बाजूने हुक, म्हणजे वळवून मारलेला ठोसा, बसला, तर जबड्याचं हाड कोपऱ्यात किंवा सांध्यापाशी मोडू शकतं. आता मेख अशी की गार्ड घातल्यावर श्वास कोंडत असेल तर माणूस तोंड उघडणारच! म्हणजे गैरसोयीचा गार्ड तोंड उघडायला लावतो आणि जबडा धोक्यात आणतो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, आणि तो पैसे मोजून विकत घेतलेला.

या वस्तूची सुरुवात लंडनला झाली. १८९०च्या दशकात वूल्फ क्राउझ नावाचा दंतवैद्य बॉक्सर रिंगणात उतरण्याआधी त्यांच्या वरच्या दातांवर गट्टापर्चाच्या पट्ट्या बसवायचा. गट्टापर्चा म्हणजे मलायाकडच्या झाडांचा चीक. गरम केला की मऊ, गार झाला की घट्ट. १८७०मध्ये एडन ते मुंबई समुद्राखालून जी तार टाकली, तिच्यावरचं वेष्टणही याच चिकाचं होतं. आणि तुमचं रूट कॅनाल झालं असेल, तर बहुधा या क्षणीही तुमच्या दातात गट्टापर्चा आहे.

क्राउझचा मुलगा फिलिप स्वतः हौशी बॉक्सर होता. त्याने रबराचा, पुन्हा पुन्हा वापरता येणारा गार्ड केला, आणि तो घालून लढणारा पहिला नामांकित बॉक्सर म्हणजे लंडनच्या ईस्ट एंडचा टेड 'किड' लुईस. १९१५मध्ये जॅक ब्रिटनला हरवून तो वेल्टरवेट गटाचा जगज्जेता झाला. हे दोघे एकमेकांशी तब्बल २० वेळा लढले. १९२१च्या न्यू यॉर्कमधल्या लढतीत ब्रिटनच्या मॅनेजरने हरकत घेतली की तोंडात परकी वस्तू ठेवणं नियमाबाहेरचं आहे, आणि लुईसला गार्ड काढून लढावं लागलं. तो हरला. पुढे १९२७मध्ये जॅक शार्कीविरुद्ध माइक मॅकटीगची सरशी होत असताना त्याच्याच तुटक्या दाताने त्याचा ओठ इतका फाटला की लढत सोडावी लागली. त्यानंतर कुठे या 'परक्या वस्तू'बद्दलची कुरकुर थांबली.

आज गट्टापर्चाची जागा ईव्हीए या प्लास्टिकने घेतली आहे. पूर्ण नाव इथिलीन-व्हिनाइल अॅसिटेट. हलक्या चपलांचे तळवे आणि ग्लू गनमधल्या काड्या याच कुळातल्या. इथिलीनच्या लांबच लांब साखळ्या जागोजागी शिस्तीत रांग लावून स्फटिक बनवतात, त्यामुळे वस्तूला आकार राहतो. व्हिनाइल अॅसिटेटचे तुकडे म्हणजे त्या रांगेत कोपर बाहेर काढून उभी असलेली माणसं. ते रांग नीट लागू देत नाहीत, म्हणून स्फटिक छोटे राहतात आणि उकळत्या पाण्यापेक्षा कमी तापमानालाच वितळतात. 'बॉइल अँड बाइट', म्हणजे गरम पाण्यात मऊ करून घरीच दातांवर बसवायच्या गार्डची सगळी करामत एवढीच.

बाजारात सरळ डब्यातून काढून तोंडात घालायचे तयार गार्डही मिळतात. ते घेऊ नका, यावर जास्त शब्द खर्च करण्यात अर्थ नाही. दात दाबून धरले तरच ते जागेवर राहतात.

बॉइल अँड बाइट बहुतेकांना पुरतो, पण तो बसवताना घाई नडते. माझा पहिला गार्ड मी गॅसवरच्या उकळत्या पाण्यात सोडला आणि तो पातेल्याच्या तळाला चिकटला. पातेलं चहाचं होतं, त्यावरून घरात झालेली स्पारिंग वेगळीच. पाणी उकळल्यावर गॅस बंद करायचा, मग डब्यावर लिहिलेत तितकेच सेकंद गार्ड बुडवायचा, आणि तोंड भाजू नये म्हणून क्षणभर गार पाण्यात धरायचा. वरच्या ओठाच्या आत मधोमध, हिरडीला जोडणारी एक बारीक घडी असते, जिभेच्या टोकाला लागते. गार्डच्या पुढच्या काठाची खाच बरोबर तिथे आली पाहिजे, नाहीतर पहिल्याच दिवशी तिथे सोलवटतं.

आणि नाव 'बाइट' असलं तरी कचकन चावायचं नाही! मऊ झालेला थर दाढांखालून बाजूला सरकतो आणि गादी कागदासारखी पातळ होते. हलकेच दात टेकवा, बोटांनी गालांवरून आणि ओठावरून दाबा, जीभ टाळूला लावा आणि आतली हवा शोषून घ्या. दातांपुढे साधारण ३ मिलिमीटर आणि दाढांखाली निदान २ मिलिमीटर थर राहिला तर काम झालं. ४ मिलिमीटरच्या पुढे जाडी वाढवून धक्का फारसा कमी होत नाही, ओठ मात्र मिटेनासे होतात. बाहेरून टणक आणि आतून मऊ असे दुहेरी थराचे गार्ड चावताना कमी पातळ होतात, म्हणून थोडे जास्त पैसे गेले तरी मी तेच सुचवतो.

परीक्षा सोपी. तोंड मोठ्ठं उघडा. गार्ड पडला तर पुन्हा बसवा. आपलं नाव-गाव समोरच्याला कळेल असं सांगता आलं पाहिजे आणि दोरीवरच्या उड्या मारताना नाकाने श्वास चालला पाहिजे. उमासे येत असतील तर मागची टोकं कात्रीने थोडी थोडी कातरा, पण दाढांची गादीच कापून टाकू नका. वर-खाली दोन्हीकडे बसणारे जोडगार्ड श्वास अडवतात, मला ते स्पारिंगसाठी पटलेले नाहीत. खालचा जबडा पुढे असलेल्यांना कधीकधी खालच्या दातांवरचा गार्ड लागतो, तो डेंटिस्टकडूनच करून घ्यावा. दातांना तारा असतील तरीही डेंटिस्टच गाठा, कारण घरी बसवलेला गार्ड तारांत रुततो. वाढत्या वयाच्या मुलांचे दात सरकत असतात, दर काही महिन्यांनी गार्ड पुन्हा तपासावा लागतो.

डेंटिस्ट साचा घेऊन करून देतात तो गार्ड या सगळ्यांत उत्तम बसतो. खर्च काही हजारांत जातो, पण नियमित स्पारिंग करणाऱ्याने तो एकदा करून पाहावा. रंग लाल घेऊ नका. हौशी स्पर्धांत लाल गार्ड चालत नाही, कारण त्यावर रक्त दिसत नाही.

काही डब्यांवर मेंदूच्या दुखापतीपासून संरक्षण असंही छापलेलं असतं. तिथे सावध राहा. मेंदूला इजा होते ती डोकं झटक्याने फिरल्यामुळे, आणि दातांवरची पट्टी मान धरून ठेवत नाही. आइस हॉकीत गार्ड घालणाऱ्यांमध्ये अशा दुखापती कमी आढळल्या आहेत, पण बॉक्सिंगबद्दल तेवढा भक्कम पुरावा नाही. जबड्याचीही हमी नसते. ३१ मार्च १९७३ला सॅन डिएगोत केन नॉर्टनने मुहंमद अलीचा जबडा मोडला, तेव्हा अलीच्या तोंडात गार्ड होताच. दोन वर्षांनी मनिलात तेराव्या राउंडला अलीने जो फ्रेझरचा गार्ड ठोशाने थेट प्रेक्षकांत उडवला होता.

एवढं करूनही दात मुळासकट निघाला, तर तो पांढऱ्या बाजूने उचला, मुळाला हात लावू नका आणि घासू तर मुळीच नका. मुळावरच्या पेशी कोरड्या पडल्या की तासाभरात मरतात. माती लागली असेल तर दुधात हलकेच विसळा, जमलं तर लगेच त्याच खाचेत बसवा, नाहीतर दुधात ठेवून डेंटिस्टकडे धावा. दुधाचे दात मात्र परत बसवत नाहीत. आमच्या क्लासच्या बाहेर चहाची टपरी आहे, पण तिथलं दूध कायम उकळत असतं, म्हणून कोचने फ्रीजमध्ये एक थंड पिशवी राखून ठेवलीय. दर दोन दिवसांनी कुणीतरी तिची कॉफी करून पितं.