व्हीआरमध्ये धडकला म्हणून खुर्ची नाकारू नका

‘व्हीआर चाचणीत, म्हणजे संगणकाने उभ्या केलेल्या आभासी खोलीत खुर्ची चालवताना, भिंतीला धडकला, म्हणजे बॅटरीवर चालणारी पॉवर व्हीलचेअर याला झेपायची नाही’ हा समज नागपुरातही ऐकू येतो. तो चुकीचा आहे. आभासी खोलीत अंतराचा अंदाज नीट येत नाही, खुर्चीचे हिसके अंगाला जाणवत नाहीत, काहींना तर गरगरतं. त्यामुळे दारातून जाणं, खुर्ची मागे घेणं तिथे प्रत्यक्षापेक्षा अवघड ठरू शकतं. जॉयस्टिक (खुर्ची चालवायची दांडी) कळते का, लक्ष टिकतं का, हे मात्र कुणाला इजा न होता तपासता येतं, सरावही होतो. अंतिम निर्णय खऱ्या खुर्चीवर बसवूनच घ्यावा. कॅनडातल्या डलहौसी विद्यापीठाची व्हीलचेअर स्किल्स टेस्ट, म्हणजे खुर्ची चालवण्याच्या कौशल्यांची चाचणी, त्यासाठीच आहे. बर्डीवर, म्हणजे नागपुरातल्या सीताबर्डीच्या गजबजलेल्या बाजारात, जायचं असेल तर सोबत माणूस ठेवून तिथेच चालवून पाहावं. आडव्यातिडव्या लावलेल्या दुचाक्या सिम्युलेटरमध्ये कोण घालणार?