आखाजी पुन्हा त्याच तारखेला कधी येते?

"अवंदा आखाजी कव्हय शे?" होळी पेटून गेली की आजीचा हा प्रश्न ठरलेला. आखाजी म्हणजे खानदेशातली अक्षय्य तृतीया. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचं, साल आखाजीला संपायचं आणि नवा सालदार त्याच दिवशी धरायचा. लेकी झोके खेळायला माहेरी यायच्या. मग मी खिळ्यावरचं कॅलेंडर काढून तिच्यासमोर पानं उलटायचो. जुनी कॅलेंडरं ती टाकत नसे, पेटीत तळाला अंथरायची.

त्या पेटीतलं २०१४ चं कॅलेंडर २०२५ मध्ये पुन्हा टांगलं असतं तर वार आणि तारखा तंतोतंत जुळल्या असत्या. दोन्ही वर्षं बुधवारी सुरू झाली. ३६५ दिवसांत ५२ आठवडे बसतात आणि एक दिवस उरतो, म्हणून दर वर्षी वार एक घर पुढे सरकतो, लीप वर्षानंतर दोन घरं. ही सरकणी भरून सात झाली की जुनं पान पुन्हा लागू पडतं. कधी सहा वर्षांनी, कधी अकरा. लीप वर्षाचं कॅलेंडर मात्र अठ्ठावीस वर्षं थांबायला लावतं.

पण त्या २०१४ च्या पानावर आखाजी २ मे ला आहे. २०२५ मध्ये ती ३० एप्रिलला होती. आता २००६ चं कॅलेंडर काढा. त्यात आखाजी बरोबर ३० एप्रिललाच आहे, पण वार रविवार, आणि २०२५ ला बुधवार. एक जुळवायला गेलं की दुसरं निसटतं.

कारण आखाजी चंद्रावर चालते. अमावास्येपासून अमावास्येपर्यंत सरासरी २९.५३ दिवस, बारा महिन्यांचे सुमारे ३५४. सूर्याच्या वर्षाला अकरा दिवस कमी पडतात. हिजरी वर्षात ही तूट तशीच सोडली जाते, म्हणून रमजान कधी थंडीत येतो, कधी उन्हाळ्यात. आपल्याकडे ज्या चांद्रमासात सूर्य राशी बदलतच नाही तो अधिक धरतात. हाच आपला धोंड्याचा महिना, जावयाला वाण देण्याचा. एकोणीस वर्षांत असे सात महिने येतात आणि तेवढ्या काळात सूर्य-चंद्राचा हिशेब दोन-तीन तासांच्या फरकाने जुळतो. २००७ मध्ये अधिक ज्येष्ठ होता, २०२६ मध्येही अधिक ज्येष्ठच. खानदेशातल्या कानबाईच्या सणाला तर तिथीही हवी आणि वारही: नागपंचमीनंतरचा रविवार.

याहून दुर्मीळ गाठ क्षयमासाची. हिवाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ असते, वेगाने फिरते, त्यामुळे सूर्य एक रास चांद्रमासाहून कमी दिवसांत ओलांडतो. एखाद्या वेळी एकाच चांद्रमासात दोन संक्रांती, म्हणजे सूर्याचे दोन राशीबदल, सापडतात आणि एका महिन्याचं नावच गळून पडतं. त्या वर्षी अधिकमास दोन येतात.

या गाठीचा हिशेब भास्कराचार्यांनी शके १०७२ मध्ये, म्हणजे ११५० साली, सिद्धान्तशिरोमणी या ग्रंथात मांडून ठेवला आहे. चाळीसगावजवळच्या पाटणला, पाटणादेवीच्या डोंगरापाशी, त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. तिथल्या शिलालेखात तसं कोरलेलं आहे. आम्ही लहानपणी पाटणादेवीला जायचो ते दर्शनाला आणि धबधब्याला. तो लेख काय सांगतो हे तेव्हा कुणी समजावून दिलं असतं तर किती बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

क्षयमासाच्या श्लोकात भास्कराचार्य आकडे शब्दांत लिहितात आणि शब्द उजवीकडून डावीकडे मांडायचे. अब्धी म्हणजे चार समुद्र, अद्री सात, नंद नऊ: शके ९७४. तो क्षयमास होऊन गेला होता. पुढचे १११५, १२५६ आणि १३७८ ला येतील, असं ते सांगतात. ही गाठ बहुतेक वेळा १४१ वर्षांनी पडते, कधी १९ वर्षांनी, हेही त्याच श्लोकात आहे. पहिल्या तिघांत १४१ चंच अंतर आहे. शेवटचं १२२, म्हणजे १४१ वजा १९.

आता आपल्या काळातली वर्षं लावून बघा. क्षयमास शके १७४४ ला आला. त्यानंतर १४१ वर्षांनी शके १८८५ ला, म्हणजे १९६३-६४ मध्ये. मग फक्त १९ वर्षांनी शके १९०४ ला, १९८२-८३ मध्ये. आजीच्या पेटीत तळाला ते कॅलेंडरही असणार. शके १९०४ मध्ये १४१ मिळवले की शके २०४५ येतं.